भाऊचा धक्का ते रेवस, लाँचने, माउंटन बाईक घेऊन: गाडी नसलेल्यांसाठी रिव्ह्यू

मी परळला राहतो, चारचाकी नाही आणि घ्यायचीही नाही, पण माउंटन बाईक आहे, साधी हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, एकोणतीस इंची चाकं. मुंबईत हे जमवायचं म्हणजे दर शनिवारी रात्री एकच प्रश्न, उद्या माती कुठे मिळणार. ग्रुपमधले बरेच जण गाडीच्या मागे रॅक लावून कर्जत-मुरबाडकडे जातात, दोन तास जायला, तीन तास यायला, पेट्रोल, टोल, आणि सायकल चालवतात किती तर तीन तास. मला ते पटत नाही. समुद्राकाठच्या शहरात राहतो तर समुद्रातून जाऊ की. म्हणून हा रिव्ह्यू भाऊच्या धक्क्यावरून रेवसला, म्हणजे पलीकडच्या अलिबाग तालुक्यातल्या बंदराला, जाणाऱ्या लाँचचा, माउंटन बाईकवाल्याच्या नजरेतून. मागच्या तीन हिवाळ्यांत पंधरा-सोळा वेळा गेलोय, त्यामुळे एका चांगल्या दिवसावरून लिहीत नाहीये.

आधी हे सांगतो की दुसरे पर्याय बघूनच इथे आलो. आरे आणि नॅशनल पार्क जवळ आहेत, मेट्रो ७ मध्ये सायकल नेता येते ही फार मोठी सोय झालीय, आरे स्टेशनला उतरा नाहीतर राष्ट्रीय उद्यान स्टेशनला. पण पार्कात सायकल फक्त कान्हेरीच्या डांबरी रस्त्यावर, आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय जायचं नाही आणि जाऊही नये, ते बिबट्यांचं घर आहे. सोमवारी पार्क बंद. मार्वेहून मनोरीला बोटीने जाता येतं, दहा मिनिटांत पलीकडे, मनोरी-गोराई-उत्तन सुंदर आहे, पण तिथे डांबर जास्त आणि माती कमी. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, शिवडीहून २१.८ किलोमीटरमध्ये थेट पलीकडे, मला घरातून दिसतो, पण त्यावर सायकलच काय मोटरसायकलपण चालत नाही. म्हणजे सायकलवाल्याला पलीकडे जायचं तर अजूनही बोटच.

आता लाँच. सकाळी सव्वापाचला परळहून निघालं की कॉटन ग्रीन, रे रोड करत वीस-पंचवीस मिनिटांत धक्का. लांबून येणाऱ्यांना सगळ्यात जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड, तिथून सायकलवर पाच-सात मिनिटं. शेवटचा टप्पा जपून चालवा, पहाटे मासळीचा बाजार भरलेला असतो, बर्फाच्या गाड्या, पाट्या डोक्यावर घेतलेल्या बाया, आणि रस्ताभर मासळीचं पाणी. ते पाणी तेलापेक्षा निसरडं आहे. मी तिथे सीट खाली करतो आणि एक पाय जमिनीला लागेल असं चालवतो. कोणाला घंटी वाजवून बाजूला करू नका, ती त्यांची कामाची वेळ आहे, आपण सुट्टीवर आलोय.

तिकीट खिडकीवर माणसाचं वेगळं आणि सायकलचं वेगळं, सुट्टे पैसे जवळ ठेवा. वेळापत्रक मी इथे लिहीत नाही कारण ते भरती-ओहोटी आणि हवामानावर हलतं, आदल्या दिवशी विचारून घ्या. लाँच लाकडी, बाजूला ताडपत्री, बाकडी, डिझेलचा वास. सव्वा-दीड तासाचा प्रवास. आणि सायकल चढवणं हाच या सगळ्या प्रकारातला सगळ्यात अवघड भाग. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात, लाँच वरखाली होत असते, मधे फूट-दीड फूट मोकळं पाणी. पहिल्या वेळी मी चाक धरून सायकल पुढे केली तर खलाशी ओरडलाच, "ओ दादा, चाक नका देऊ, दांडा द्या, चाक हातात फिरतं!" बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून पाण्याची बाटली, लाईट, बॅग सगळं आधी काढून पाठीवर घेतो, दोन्ही हातांनी फ्रेमची वरची नळी धरतो, लाँच वर येते त्या क्षणी देतो, आणि खलाशी "सोडा" म्हणाला की मगच सोडतो. आत गेल्यावर सायकल मागच्या बाजूला आडवी टाकायची, चेनची बाजू वर, आणि स्वतःच्या दोरीने बाकड्याच्या पायाला बांधायची. दोरी लाँचवर मागू नका, घरून न्या.

एक नुकसान झालं तेही सांगतो. दुसऱ्या हिवाळ्यात मी चेनची बाजू खाली ठेवली होती, उतरायच्या गर्दीत कोणाचीतरी जड पाटी मागच्या चाकावर टेकली आणि डिरेल्युरचा (गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्राचा) हँगर वाकला, रेवसला उतरून पहिलाच गिअर टाकला तर चेन आऱ्यांमध्ये. तो अख्खा दिवस एकाच गिअरवर काढला. चूक माझीच, ती लाँच गावातल्या माणसांसाठी आहे, बाजारहाट, कामधंदा, कॉलेज, आजारी माणूस मुंबईच्या डॉक्टरकडे, सगळं तिच्यावर चालतं. तेव्हापासून सुटा हँगर बॅगेत असतोच, दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कुठल्याही ॲपमध्ये मला मिळाली नाही, लाँचवरच्या एका म्हाताऱ्या कोळी काकांनी सांगितली. रेवसच्या बाजूला गाळ फार आहे, पूर्ण ओहोटीला लाँचला पाणी पुरत नाही, थांबावं लागतं. एकदा चतुर्थीला सकाळी गेलो आणि बंदर समोर दिसत असताना लाँच पाऊण तास उभी. मी चिडलो होतो. काका शांतपणे म्हणाले, तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, त्याच्या सहा तास आधी नऊला ओहोटी, आणि आपण पोचलो बरोबर नऊच्या आत-बाहेर, मग लाँच उभी राहणार नाही तर काय. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. तेव्हापासून मी नवमी ते द्वादशीमधला रविवार बघून ठेवतो, मग ती शुद्ध असो की वद्य, सकाळी भरलेलं पाणी, लाँच सरळ धक्क्याला, पायऱ्याही कमी चढाव्या लागतात. घरात आईचं कालनिर्णय भिंतीवर असतंच, मी आता एकादशी उपासासाठी नाही, सायकलसाठी बघतो, आणि आईला त्याचा आनंदच आहे कारण निदान मुलगा तिथी बघायला लागला.

उतरल्यावर वाटा कशा शोधायच्या यावर लोक खूप विचारतात म्हणून जरा सविस्तर. मी सुरुवातीला एका परदेशी रूट-ॲपचे वर्षाचे पैसे भरले होते. त्याने मला किहीमच्या मागे एक सुंदर कच्ची वाट दाखवली, गेलो, तर दोन किलोमीटरवर आठ फुटी कंपाउंड आणि वॉचमन. नव्या फार्महाऊसने जुनी बैलगाडीची वाट आत घेऊन टाकलेली. वॉचमन बिचारा कसनुसा झाला, म्हणाला, मी पण याच गावचा, लहानपणी याच वाटेने शाळेत जायचो. ही गोष्ट मला फार लागते. अलिबाग तालुक्यात गेल्या काही वर्षांत किती वहिवाटीच्या वाटा अशा भिंतींआड गेल्या, सायकलवाल्याचं सोडा, गुरं घेऊन जाणाऱ्या माणसाने कुठून जायचं? ॲपवर ती वाट अजून हिरव्या रेषेने दिसते.

आता मी असं करतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे २०१७ पासून त्यांच्या पोर्टलवर फुकट मिळतात, ते उतरवून घ्यायचे, त्यावर समोच्च रेषा आणि जुन्या गाडीवाटा, पायवाटा दिसतात. मग तीच जागा ओपनस्ट्रीटमॅपवर बघायची, हा नकाशा लोकांनीच भरलेला असतो आणि मोबाईलमध्ये ओएसएमअँड हे ॲप टाकलं की नेट नसताना चालतो. तिसरं, सॅटेलाईट फोटोत भिंती आणि निळे स्विमिंग पूल बघायचे, जिथे पूल तिथे वाट बंद असं समजा. आणि चौथं, जे सगळ्यात खात्रीचं आहे, गावात चहा पिताना विचारायचं. "सायकल जाईल का" असं विचारू नका, सगळे "जाईल" म्हणतात. "गुरं कुठून नेता" असं विचारा. गाय जिथून जाते तिथून माउंटन बाईक जाते, शेळी जाते तिथून मात्र नाही.

रेवसहून माझी सगळ्यात आवडती राईड डोंगरावरची नाहीच, खारपट्ट्यातली आहे. रेवसपासून हाशिवरे, पुढे शहापूर-धेरंडकडे खाडीच्या कडेने खारबंदिस्तीचे बांध आहेत. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून पिढ्यानपिढ्या घातलेले मातीचे बांध, एका हाताला खाडी आणि तिवरं, दुसऱ्या हाताला भातशेती नाहीतर जिताडा माशाचं तळं. वरची वाट कुठे हातभर, कुठे चार फूट. भातकापणी झाल्यावर, साधारण दिवाळीनंतर, माती सुकून कडक होते आणि तिच्यावर भेगांची जाळी पडते, टायरखाली बारीक कुरकुर आवाज येत राहतो, बाकी काही आवाज नाही, बगळे उडताना तेवढे पंख ऐकू येतात. हवा पंचवीस पीएसआयवर आणा, टायर सव्वादोन इंची तरी हवा. चढ नाही म्हणून सोपं समजू नका, बांध खचलेला असतो तिथे अर्धा फूट चुकलं तर खाडीच्या चिखलात, आणि तो चिखल गुडघाभर आहे.

उघाडी दिसली की उतरा. उघाडी म्हणजे बांधातलं ते दार, जिथून ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जातं आणि भरतीला दार आपोआप मिटतं. त्याच्यावरची फळी सायकलवर बसून ओलांडायची नसते. एकदा मी पुढे निघालो होतो तर तळ्यावर जाळं झटकत बसलेल्या आगरी आजीने हाक मारली, "ए बाला, तिकरं नको जाऊ, चिखोल हाय!" मी थांबलो, चालत पुढे जाऊन पाहिलं तर खरंच बांध फुटलेला, वरून सुकलेला दिसत होता आणि काठी टोचली तर आत सगळा लगदा. सॅटेलाईट फोटोत तो बांध धडधाकट आहे. आजीने मग तिच्या घरामागून जाणारी वाट दाखवली, आणि पाणी पिऊन जा म्हणाली.

याच खारपट्ट्यात चरी गाव आहे. १९३३ साली खोतांच्या विरोधात शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं, लोकांनी जंगलातली लाकडं विकून दिवस काढले. शाळेत मला हे कोणी शिकवलं नव्हतं, मी बांधावरून सायकल चालवायला लागलो म्हणून कळलं. ज्या बांधावर आपण मजेसाठी फिरतो तो कोणीतरी घमेल्या-घमेल्याने भरलाय, म्हणून ओल्या बांधावर सायकल अजिबात घालू नका. चाकाची खोल रेघ पडली की पुढच्या उधाणाला पाणी तिथूनच शिरतं. ही माझी कळकळीची विनंती आहे.

ज्यांना चढच हवाय त्यांच्यासाठी सागरगड. रेवसहून चोंढी, अलिबाग करून पेण रोडवर खंडाळे (लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे), एकूण पंचवीस-तीस किलोमीटर डांबरी. लांब आहे पण सपाट, आणि फेब्रुवारीनंतर गेलात तर कार्ले-खंडाळ्याच्या बाजूला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दुकानांची रांग लागते. खंडाळ्यातून वाट वर निघते, पावसाळा संपता संपता गेलं तर धोंडाण्याचा धबधबा समोर दिसतो. सिद्धेश्वरच्या देवळापर्यंत सायकल बहुतेक ढकलावीच लागते, गोटे आहेत, सुटे आहेत, उगाच पेडल मारत बसलात तर दम आणि चेन दोन्ही तुटतील. सिद्धेश्वरच्या वर मात्र वाट उघडी होते, मुरूम, मधे झाडी, सागरमाचीच्या वाडीपर्यंत बऱ्यापैकी चालवता येतं. गड चारशे मीटरच्या आसपास, आणि कड्यावरून वानरटोक सुळका आणि पलीकडे समुद्र असं एकत्र बघायला मिळतं. वाडीतून जाताना उतरून चाला, अंगणातून वाट जाते. उतरताना सकाळी ट्रेकर वर येत असतात, त्यांना आधी जाऊ द्या. कनकेश्वर जवळ आहे म्हणून बरेच जण विचारतात, तिथे सातशेच्या आसपास दगडी पायऱ्या आहेत आणि ते देवस्थान आहे, सायकल मापगावात ठेवा आणि पायी जा, मनाला जास्त बरं वाटतं.

वेगळं काही हवं असेल तर भाऊच्या धक्क्यावरूनच उरणच्या मोरा बंदराची लाँच, मग उरणमधून सायकलवर करंजा, द्रोणागिरीच्या पायथ्याने, आणि करंजाहून छोट्या बोटीने खाडी ओलांडून रेवस. एकाच दिवसात दोन बोटी आणि तिसरी परतीची. माझ्या बहिणीच्या मुलाला, वय तेरा, हाच रूट दिला होता, तो सायकलपेक्षा बोटींवरच जास्त खूश.

परत येताना मी रेवसला जात नाही, मांडव्याहून रो-रोने येतो. २०२० च्या मार्चमध्ये ही सेवा सुरू झाली, मोठं जहाज, गाड्या आत जातात त्याच रॅम्पवरून सायकल ढकलत न्यायची, उचलायचं काही नाही, भिंतीला टेकवून बांधायची, तासाभरात पुन्हा भाऊचा धक्का. दमलेल्या हातांना हे फार बरं पडतं. महाग आहे लाँचपेक्षा, पण ओहोटीची चिंता नाही. गेटवे ते मांडवा ज्या बोटी आहेत त्या पावसाळ्यात बंद असतात हे लक्षात ठेवा, आणि तसंही पावसाळ्यात बांधांवर जायचंच नाही हे वर सांगितलंय. मग कोणी विचारेल जातानाही रो-रोनेच का नाही. जा की. पण लाँच सकाळी रेवसला सोडते, खाडीच्या तोंडाशी, जिथून बांध सुरू होतात, आणि डांबरावरचे दहा किलोमीटर वाचतात. शिवाय त्या बाकड्यावर बसून जे कळतं ते रो-रोच्या एसीत नाही कळलं मला.

स्टार द्यायचे तर लाँचला पाचपैकी चार. एक कापला तो सायकल चढवताना. लोखंडी हूक नाहीतर लाकडाची एक घसरती फळी जरी ठेवली तरी म्हातारी माणसं, सामानवाले, आजारी, सगळ्यांचीच सोय होईल, सायकलवाले तर दहा टक्केही नाहीत तिथे. खलाशांना मात्र पाचपैकी पाच, सोळा वेळांत एकदाही कोणी "सायकल कशाला आणली" असं म्हणालं नाही.

घरी आल्यावर आधी आंघोळ नाही, आधी सायकल. खारं पाणी आणि खारी माती दोन्ही लागलेली असते, रात्रभर ठेवली तर सकाळी चेनवर तांबूस पावडर दिसते. बादलीभर गोड पाणी, जुना टूथब्रश, मागच्या कॅसेटच्या, म्हणजे गिअरच्या दातेरी चक्रांच्या, फटीतून माती काढायची, कोरडं करायचं, मग तेल. आमच्या चाळीत गॅलरीत हे करतो तर खालचे काका दरवेळी विचारतात, "आज कुठला चिखल?" मी सांगतो रेवसचा. मग ते त्यांच्या लहानपणच्या लाँचच्या गोष्टी सुरू करतात, त्यांचं आजोळ बोडणीचं, आणि माझं तेल लावून होईपर्यंत ते बोलतच असतात. मागच्या आठवड्यात म्हणाले, पुढच्या वेळी जाशील तेव्हा मला पण तिकीट काढ, सायकल नको, नुसतं त्या बाकड्यावर बसेन. पुढच्या एकादशीला रविवार नाहीये, पण मी सुट्टी टाकलीय.